स्प्रिंगला टांगलेले वजन

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासावरील लेख मागितला होता. संस्थेचे पहिले वर्ष, पत्र्याच्या छपराखालचे पहिले वसतिगृह, धान्य मागून चालविलेले पहिले भोजनालय, असे काही आमच्याकडून अपेक्षित असावे. तो इतिहास ज्यांनी प्रत्यक्ष घडविला तेच या अंकात लिहीत आहेत. त्यांच्यापुढे आमच्या दुय्यम साधनांची मातब्बरी ती काय? म्हणून आम्ही एका स्प्रिंगविषयी लिहिण्याची परवानगी मागून घेतली. इतिहासाच्या शिक्षकाने भौतिकशास्त्राच्या वाटेला का जावे, असा प्रश्न माजी विद्यार्थ्यांना पडेलच. सनावळ्या पाठ करून घेणारे म्हणून आम्ही त्यांच्या स्मरणात आहोत. त्याचे उत्तर साधे आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी नववीच्या वर्गापुढे स्प्रिंगचा प्रयोग झाला, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षिकांना वेळ मोजणारा एक माणूस कमी पडत होता. स्टॉपवॉच आमच्या हाती आले. पुढचे दोन तास आम्ही त्या वर्गात विद्यार्थी होऊन उभे राहिलो. तेथे जे पाहिले ते पालकांपर्यंत आणि गावोगावच्या आपल्या बांधवांपर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी हा लेख.

सामान थोडेच होते. एक लोखंडी स्टँड, त्याच्या आडव्या दांडीला अडकविलेली पंधरा सेंटिमीटर लांबीची नाजूक स्प्रिंग, आकड्यात अडकविता येतील अशी शंभर शंभर ग्रॅमची पाच वजने, आणि स्टँडला दोऱ्याने उभी बांधलेली लाकडी मोजपट्टी. स्प्रिंग तेवढी विकत आणलेली. बाकी सारे शाळेतले. खरे पाहता हा विषय बारावीचा. भौतिकशास्त्रातील 'दोलने' या प्रकरणात तो येतो, आणि या गतीला सरल आवर्त गती असे भारदस्त नाव आहे; काही ग्रंथांत तिला सरल हरात्मक गती असेही म्हटले आहे. परंतु नाव बारावीचे असले तरी वस्तू पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असते, अशी शिक्षिकांची भूमिका होती, आणि ती आम्हांस पटली.

पहिले काम हलविण्याचे नव्हतेच; ते होते ताणण्याचे. एक वजन टांगले, स्प्रिंग पाच सेंटिमीटर लांबली. दुसरे टांगले, दहा. तिसरे, पंधरा. चौथ्याच्या वेळी शिक्षिका थांबल्या आणि आता किती होईल ते आधी वहीत लिहा म्हणाल्या. साऱ्या वर्गाने वीस लिहिले व मोजपट्टीनेही वीसच दाखविले. पाचव्याला पंचवीस. जेवढे वजन वाढते त्याच प्रमाणात लांबी वाढते, हा झाला हूकचा नियम. आपल्या माताभगिनींपैकी ज्या अंगणवाडीत सेविका आहेत त्या हा नियम वर्षानुवर्षे हाताळीत आल्या आहेत. आढ्याला टांगलेला गोल तबकडीचा काटा, त्याखाली झोळी आणि झोळीत रडणारे बाळ. त्या तबकडीच्या आत स्प्रिंगच असते. बाळ पाय झाडते तेव्हा काटा पुढेमागे धावतो, आणि जाणती सेविका घाई न करता दोन टोकांच्या मधला आकडा हेरते. बाळ शांत झाल्यावर काटा जेथे थांबेल ती ही मधलीच जागा होय. तिला कोणी सरल आवर्त गती शिकविलेली नसते, पण तिचे वाचन शास्त्रशुद्ध असते. कुपोषणाच्या नोंदी ज्या आकड्यांवर उभ्या राहतात ते आकडे असे त्या हलत्या काट्यातून निघतात.

रॉबर्ट हूक या माणसाविषयी येथे चार ओळी लिहिल्यावाचून आमच्याने राहवणार नाही. हूक इंग्लंडमधील वाइट बेटावर १६३५ साली जन्मला. लहानपणी वडील वारले. पुढे तो रॉबर्ट बॉइल या श्रीमंत शास्त्रज्ञाचा साहाय्यक झाला, आणि १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखविण्याच्या कामावर नेमले. दर आठवड्याच्या सभेत सभासदांपुढे प्रयोग मांडायचे, हे त्याचे काम. स्प्रिंगचा नियम त्याने १६७६ साली प्रथम प्रसिद्ध केला तो लपवून, म्हणजे लॅटिन वाक्यातील अक्षरे उलटसुलट करून कोड्याच्या रूपात. शोधाचा मान आपल्याकडे राहावा आणि गुपितही फुटू नये म्हणून. दोन वर्षांनी, १६७८ साली, त्याने कोड्याचा उलगडा केला. आमच्या विद्यार्थ्यांसाठी कालगणना जुळवून सांगायची तर रायगडावर शिवराज्याभिषेक होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. हूकचे खात्रीचे म्हणता येईल असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. ज्यांच्या पूर्वजांची चित्रे कोणी काढली नाहीत, अशा समाजात वाढलेल्या मुलांना ही गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. रॉयल सोसायटीचे ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. त्याचा आशय असा की, कोणाच्याही शब्दावर विसंबू नका. हे ऐकताच मागच्या बाकावरून एका मुलाने 'कालाम सुत्त!' असे मोठ्याने म्हटले. केसमुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपल्या वसतिगृहात दर पौर्णिमेला वाचला जातो. परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हा त्या उपदेशाचा गाभा मुलांना तोंडपाठ आहे. तोंडपाठ असणे आणि अंगी उतरणे यांत किती अंतर असते, ते पुढे अर्ध्या तासात दिसले.

आता हलविण्याचा भाग. चारशे ग्रॅम वजन टांगले. ते स्थिर झाल्यावर हलकेच दोन सेंटिमीटर खाली ओढून सोडले. वजन वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. खालच्या टोकापासून निघून पुन्हा खालच्या टोकाशी येणे म्हणजे एक दोलन, आणि त्याला लागणारा वेळ म्हणजे दोलनकाल. एका दोलनाला सेकंदभरही लागत नव्हता. बटण दाबताना आमच्या बोटाकडून दीडदोन दशांश सेकंदाची चूक सहज होते. एकच दोलन मोजले तर ती चूक मापनाला गिळून टाकील. म्हणून वीस दोलनांचा एकत्र वेळ घ्यायचा आणि वीसने भागायचे, म्हणजे चूकही वीस जागी वाटली जाते. मुले एका सुरात मोजत होती. पहिला वेळ आला १८.२ सेकंद. मग वजन सहा सेंटिमीटर ओढून सोडले. तिप्पट लांबचा प्रवास, तेव्हा वेळही बराच जास्त लागणार, असे बहुतेकांनी आधी लिहून ठेवले होते. आला १८.२ सेकंदच. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले, १८.१, १८.३, १८.२.

असे का व्हावे? याचे उत्तर मघाच्या मोजपट्टीतच आहे. वजन मधल्या जागेपासून जितके दूर जाते तितक्याच प्रमाणात ते परत ओढले जाते. या ओढीला पुनःस्थापक बल म्हणतात. तिप्पट दूर नेले तर ओढ तिप्पट, म्हणून वेगही तिप्पट. वाट तिप्पट आणि वेगही तिप्पट, तर वेळ तोच राहणार. ओढ अंतराच्या प्रमाणात नसती तर हा हिशेब जमला नसता. एका मुलाने दुसऱ्या दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून हाच प्रयोग केला आणि तो फसला, ते याच कारणाने. रबर प्रत्येक शंभर ग्रॅमला सारखे लांबत नाही, वजन काढून घेताना आधीच्या खुणांवर परत येत नाही, आणि त्याची दोलनेही चटकन मरतात. स्प्रिंगलाही मर्यादा आहेच. ती फाजील ओढली की सरळ होऊन बसते व मग कोणताच नियम पाळीत नाही. शाळेतील आधीच्या दोन स्प्रिंगा अशाच कामी आल्या. त्यांचे मारेकरी आता चांगल्या नोकरीत आहेत व हा लेख वाचतीलच.

त्यानंतर जेवणाच्या दालनात खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. एक सायकल उलटी उभी केली. मागील चाकाच्या एका आरीवर, आसापासून आठ सेंटिमीटर अंतरावर, पेन्सिलचा तुकडा असा बांधला की तो चाकाच्या बाहेर आडवा डोकावेल. शेजारी स्प्रिंगचा स्टँड. बॅटरीचा झोत चाकाच्या कडेकडून असा सोडला की पलीकडच्या भिंतीवर चाकाची गोलाई न दिसता नुसती उभी पट्टी दिसावी. चाक एका गतीने फिरू लागताच भिंतीवर पेन्सिलची सावली वरखाली जाऊ लागली. गोल फिरणे नाहीसे झाले. राहिले ते नुसते वर आणि खाली. स्प्रिंगचे वजन आठ सेंटिमीटर ओढून सोडले. चाक फिरविणाऱ्या मुलाला वेग जुळवायला बराच वेळ लागला, पण अखेर सात-आठ फेऱ्या अशा जुळल्या की दोन्ही सावल्या हातात हात घालून चालल्यासारख्या वरखाली होत होत्या. दोन्ही टोकांशी मंदावत होत्या, दोन्ही मध्यावर वेगाने सुटत होत्या. सरल आवर्त गती म्हणजे एकसारख्या वर्तुळाकार गतीची भिंतीवरची सावली. पुस्तकातील अर्धे पान त्या सात-आठ फेऱ्यांत संपले. मुलांनी त्या चाकाला लागलीच 'धम्मचक्र' म्हटले. आम्ही हसलो, अडविले नाही, पण तुलना पुढेही नेली नाही. आधुनिक विज्ञानातले सारे आमच्या प्राचीन ग्रंथांत होते, असे म्हणणाऱ्यांची आपण टिंगल करतो. मग बुद्धांना सरल आवर्त गती ठाऊक होती असे म्हणण्याचा मोह आपणही आवरला पाहिजे. तथागतांची थोरवी अशा प्रमाणपत्रांवर अवलंबून नाही.

यानंतरचा भाग आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पुस्तकाप्रमाणे वजन चौपट केले तर दोलनकाल दुप्पट होतो. नऊपट केले तर तिप्पट. म्हणजे दोलनकाल वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजनाची ओढ तीच राहिली पण हलवायचा भार वाढला, तर गती मंदावणार, हे समजण्यासारखे आहे. चारशे ग्रॅमचा वेळ हाती होता. आता शंभर ग्रॅमचा घ्यायचा. येथे वजनाने थोडा खोडकरपणा केला. वरखाली करता करता मध्येच ते लंबकासारखे आडवे झुलू लागे, आणि काही वेळाने पुन्हा वरखाली. आडव्या झुलण्याचा काल वरखाली होण्याच्या कालाच्या बरोबर दुप्पट असला की असे होते, आणि आमच्या स्प्रिंगची लांबी व शंभर ग्रॅमचा ताण नेमके तसेच जुळून आले होते. अगदी सरळ, अगदी थोडे ओढून सोडल्यावर वीस दोलने नीट मिळाली: ९.४ सेकंद.

नियमाप्रमाणे ९.४ ची दुप्पट म्हणजे १८.८. मिळाले होते १८.२.

वह्या तपासताना शिक्षिकांना एका हुशार मुलाच्या वहीत चारशे ग्रॅमसमोर १८.८ लिहिलेले दिसले. आधी लिहिलेले १८.२ त्याने नीटनेटके खोडले होते. शेजारच्या बाकावरील मुलीच्या वहीत १८.२ तसेच होते, आणि समोर तिने लिहिले होते, 'दुप्पट आले नाही.' मुलाला विचारले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, पुस्तकात दुप्पट आहे. आपलंच चुकलं असणार."

हे वाक्य ऐकून आम्ही चाळीस वर्षे मागे गेलो. आम्ही शिकलो त्या शाळेत प्रयोगाचे साहित्य काचेच्या कपाटात होते. शाळेचे नाव येथे नको. कपाटाला कुलूप होते, आणि ते उघडले की आतल्या वस्तूंना हात लावण्याचा मान वर्गातील ठरावीक मुलांना मिळे. ती मुले कशी ठरत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावे लागणार नाही. उरलेल्यांसाठी निरीक्षणांचे आकडे फळ्यावर लिहून दिले जात, व ते सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतले की प्रयोगाचे गुण मिळत. आमच्या प्रयोगवहीत एकही चूक नव्हती. आमच्या हाताने मोजलेला एकही आकडा तीत नव्हता. बाबासाहेबांनी आपल्या शालेय जीवनाविषयी लिहून ठेवले आहे की, त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शाळेच्या नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. वस्तू समोर आहे, पण हात लावायचा नाही, ही शिक्षा नळापुरती नव्हती. ज्याला हात लावू दिला जात नाही तो हळूहळू असे मानू लागतो की खरे ते पुस्तकात आणि चूक ती आपली. बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी सरकारला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळावे, यासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी केली. कला व कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. कलाशाखेचे पदवीधर म्हणून आम्ही हे वाक्य थोडे ओशाळून लिहीत आहोत.

त्या मुलाला शिक्षिका रागावल्या नाहीत. त्यांनी स्टँडवरून स्प्रिंग काढली व भोजनालयातील वजनकाट्यावर ठेवली. तीस ग्रॅम. "वजन हलतं तेव्हा स्प्रिंगही हलते ना? मग तिचा भार कोणी धरला?" वर्ग विचारात पडला. स्प्रिंगचे वरचे टोक मुळीच हलत नाही. खालचे टोक वजनाइतकेच हलते. मधला भाग मधल्या वेगाने. तेव्हा सरासरीने निम्मी स्प्रिंग, म्हणजे पंधरा ग्रॅम धरावी, असे एकाने सुचविले. सूचना चांगली होती, पण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. निम्म्या वेगाने जाणाऱ्या तुकड्याची ऊर्जा निम्मी नसून चौथा हिस्सा असते. असा सर्व तुकड्यांचा हिशेब केला तर स्प्रिंगचा तिसरा हिस्सा वजनात धरावा लागतो. तीसचा तिसरा हिस्सा दहा. म्हणजे खरा हलणारा भार शंभर नव्हे, एकशे दहा. आणि चारशे नव्हे, चारशे दहा. चारशे दहाला एकशे दहाने भागले तर ३.७३ येते, आणि त्याचे वर्गमूळ १.९३. आता ९.४ ला १.९३ ने गुणा. मुलांनी गुणिले. १८.१ आणि काही शतांश. वहीतील १८.२ पासून ते एका दशांशाच्याही आत होते, आणि एका दशांशाची चूक तर आमच्या बोटाचीच होती.

वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. पुस्तकातील 'दुप्पट' खोटे नव्हते. ते वजन नसलेल्या स्प्रिंगसाठी होते, आणि तशी स्प्रिंग जगात कोठे मिळत नाही. आमच्या स्प्रिंगविषयीचे सत्य त्या मुलीच्या वहीत होते. मुलाने १८.८ खोडून पुन्हा १८.२ लिहिले. त्याच्या वहीत आता एकाच ओळीत दोन खाडाखोडी आहेत, व शिक्षिकांनी त्या पानावर सही केली आहे.

दुपारी शिक्षिकांनी आणखी एक गंमत दाखविली. वजन न मोजताही दोलनकाल सांगता येतो! वजन टांगल्यावर स्प्रिंग किती सेंटिमीटर लांबली ते पाहावे, त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे, पाचाने भागावे. उत्तर सेकंदांत मिळते. सोळा सेंटिमीटर लांबली तर चाराला पाचाने भागून ०.८ सेकंद. पंचवीस लांबली तर पूर्ण एक सेकंद. हा पाच कोठून आला? पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून, मूळ आकडा पाचाच्या अगदी किंचित अलीकडे आहे. मुले अंगणात पळाली आणि दगड घेऊन आली. दगडाला सुतळीचा फास, फास स्प्रिंगच्या आकड्यात, मोजपट्टीवर एक नजर, वहीत भाकीत, आणि मग आमचे स्टॉपवॉच. भाकिते थोडी कमी भरत होती, आणि ती नेहमी कमीच का भरतात, हे आता कोणी सांगावे लागत नव्हते.

गंमत अशी की हाच नियम लंबकालाही लागू आहे. तेथे फक्त ताणाच्या जागी दोरीची लांबी घ्यायची. पंचवीस सेंटिमीटरच्या लंबकाला एक सेकंद, एक मीटरच्या लंबकाला दोन सेकंद. म्हणून पाचही वजने टांगून स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर ताणली आणि शेजारी पंचवीस सेंटिमीटरचा लंबक टांगला. दोन्ही एकदम सोडले. एक वरखाली, एक आडवा, पण दोघांचा ताल एक. मुलांनी टाळ्या वाजविल्या. शिक्षिका म्हणाल्या, मोजत राहा. विसाव्या दोलनाच्या सुमारास स्प्रिंग जरा मागे पडल्यासारखी वाटू लागली. पन्नासाव्याला लंबक जेथून निघाला होता तेथे परत पोहोचला, तेव्हा स्प्रिंगचे वजन नेमके विरुद्ध टोकाला होते! तीस ग्रॅमच्या स्प्रिंगचा तो दहा ग्रॅम हिस्सा पाचशे ग्रॅमच्या मानाने शेकडा दोन, त्यामुळे वेळात फरक शेकडा एक, आणि शेकडा एकचा फरक पन्नास दोलनांत अर्ध्या दोलनाइतका साचतो. काट्यावर मोजलेला तो क्षुद्र भार आता डोळ्यांना दिसत होता.

एका मुलीने विचारले, "हे चंद्रावर नेलं तर?" २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ उतरले तेव्हापासून आमच्या मुलांचे अर्धे प्रश्न चंद्रावरून येतात. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतके. तेथे लंबक मंदावेल. एका सेकंदाच्या जागी जवळजवळ अडीच सेकंद घेईल. स्प्रिंग मात्र तेवढाच वेळ घेईल, कारण तिला परत ओढणारी शक्ती तिच्या स्वतःच्या तारेत आहे, ग्रहावरून उसनी घेतलेली नाही. पाचाचा नियम तेथे बदलेल, कारण तेच वजन टांगून स्प्रिंग कमी लांबेल. अंतराळात तर वजनच लागत नाही, काटा शून्य दाखवितो. तरीही अंतराळवीरांच्या प्रकृतीसाठी त्यांचा भार मोजावा लागतो. १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात त्यासाठी स्प्रिंगवर पुढेमागे होणारी खुर्ची ठेवली होती. अंतराळवीर खुर्चीत बसे, खुर्ची हले, दोलनकाल मोजला जाई, आणि त्यावरून भार काढला जाई. आमच्या मुलांनी अंगणातल्या दगडाचे जे केले त्याचीच ही उलट बाजू.

पालकांना हा सारा खेळ वाटेल, म्हणून जमिनीवरच्याही दोन गोष्टी सांगतो. आपल्या अहिल्यानगर शहरात, जुन्या नावाने नगरला, लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ पासून ते लोकांना पाहता येते. सहलीला गेलेली मुले तोफेकडे पाहतात. यंदा आमची मुले वाकून चाकांकडे पाहत होती, कारण सेंच्युरियन रणगाड्याची चाके जोडीजोडीने बसविलेली असतात आणि त्या जोड्यांना आधार जाड सर्पिल स्प्रिंगांचा असतो. पन्नास टनांचे धूड खड्ड्यांतून जाते आणि आतला माणूस टिकतो, तो त्यांच्यामुळे. एस.टी.च्या गाडीखाली हेच काम कमानपाटे करतात. पण नुसती स्प्रिंग घातली तर गाडी एका खड्ड्यानंतर मैलभर वरखाली होत राहील, म्हणून शेजारी दोलने मारणारा शॉक ॲब्सॉर्बर बसवावा लागतो; गॅरेजवाले त्याला शॉकअप म्हणतात. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील कित्येक पालक दर हंगामाला कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, ते बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. बैलगाडीला ना स्प्रिंग ना शॉकअप. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोहोचतो. वाहनांची चाचणी व संशोधन करणारी संरक्षण खात्याची मोठी संस्थाही नगरलाच आहे. ऊसतोड मजुराच्या गाडीला कमी खर्चाचे कमानपाटे कसे बसविता येतील, असे एका मुलाने सहलीच्या अहवालात लिहिले आहे. अहवालाला आम्ही दहापैकी सहा गुण दिले, कारण शुद्धलेखन वाईट होते. आता वाटते, आठ द्यायला हरकत नव्हती.

माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दिवशी तो स्टँड, स्प्रिंग व शेजारचा लंबक विज्ञानखोलीपुढच्या व्हरांड्यात मांडलेला असेल. कुलूप नाही. स्टॉपवॉच आमच्याकडे आहे. दोलने ज्याची त्याने मोजायची. ज्यांना दगड टांगून पाहायचा असेल त्यांनी तो येतानाच आपल्या गावच्या नदीतून किंवा बांधावरून आणावा, पण पाचशे ग्रॅमपेक्षा जड नको. आता आमच्याकडे ही एकच स्प्रिंग उरली आहे.